सादरीकरणाची पीडीएफ कशी करावी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षण वर्गासाठी मी भूगोलाचे सादरीकरण पेन ड्राइव्हवर घेऊन गेले होते. घरच्या संगणकावर त्यातली मराठी अक्षरे व्यवस्थित दिसत होती. सभागृहातल्या संगणकावर मात्र फाइल उघडताच प्रत्येक स्लाइडवर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग उमटली, कारण मी वापरलेला जुना फॉन्ट त्या संगणकावर नव्हता. समोर शिक्षक बसलेले होते आणि पुढचा पाऊण तास मला फळ्यावर नकाशे काढून निभावून न्यावा लागला. तेव्हापासून मूळ फाइलबरोबर तिची पीडीएफ घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही, आणि जे हे काम पहिल्यांदाच करत आहेत त्यांना ते नीट, पायरीपायरीने सांगावे असे मला मनापासून वाटते.

पीडीएफ आणि पॉवरपॉइंटची फाइल यांतला मूळ फरक आधी समजून घेतला, तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांची कारणे आपोआप लक्षात येतात. पॉवरपॉइंटची फाइल म्हणजे एक प्रकारे सूचनांची यादी असते: येथे हा मजकूर लिहा, तो अमुक फॉन्टमध्ये दाखवा, क्लिक केल्यावर हा बाण आणा. त्या सूचना पाळण्याचे काम समोरचा संगणक स्वतःजवळच्या साधनांनिशी करतो आणि साधन नसेल तर जवळचे दुसरे काहीतरी वापरतो. ॲडोबी कंपनीने १९९३ साली आणलेल्या पीडीएफची रीत याहून वेगळी आहे. पानावर कोणते अक्षर नेमके कोणत्या जागी, कोणत्या आकारात उमटवायचे हे तिच्यात ठरवून टाकलेले असते आणि त्यासाठी लागणारी अक्षरचित्रेही सहसा त्याच फाइलमध्ये भरलेली असतात. २००८ साली हे स्वरूप आयएसओ ३२००० या आंतरराष्ट्रीय मानकात समाविष्ट झाले, त्यामुळे ते आता एका कंपनीपुरते राहिलेले नाही आणि जवळजवळ प्रत्येक फोनवर, संगणकावर व ब्राउझरमध्ये ते उघडते.

याचा दुसरा अर्थ असा, की रूपांतराच्या क्षणी स्लाइडवर जे असेल ते गोठते. चूक असेल तर चूकही गोठते. बटण दाबायला अर्धे मिनिट पुरते; वेळ द्यायचा तो त्याआधीच्या तयारीला आणि त्यानंतरच्या तपासणीला. पुढे सगळीकडे मी एकच उदाहरण घेते: आठवी-नववीच्या मुलांसाठी केलेले ‘महाराष्ट्रातील नद्या’ हे सादरीकरण, जे वर्गात दाखवून झाल्यावर पालकांच्या आणि शिक्षकांच्या गटावर पाठवायचे आहे.

पहिली पायरी: पीडीएफ कोण आणि कशावर वाचणार, हे ठरवा

वर्गात स्लाइड दाखवताना आपण शेजारी उभे असतो. स्लाइडवर ‘गोदावरी: त्र्यंबकेश्वर’ एवढेच लिहिलेले असले तरी बाकीचे आपण तोंडी सांगतो. पीडीएफ वाचणाऱ्याजवळ आपण नसतो. म्हणून त्याला ती स्लाइड एकटीने समजेल का, हा प्रश्न प्रत्येक स्लाइडबाबत विचारावा. उत्तर नकारार्थी असेल तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे स्लाइडवर एखादे पूर्ण वाक्य वाढवावे. दुसरा, मला अधिक आवडणारा मार्ग म्हणजे स्लाइडच्या खाली असलेल्या ‘नोट्स’च्या जागेत आपण तोंडी जे बोलतो ते लिहून काढावे आणि पीडीएफ करताना ‘नोट्स पेजेस’ हा प्रकार निवडावा. मग प्रत्येक पानावर वर स्लाइड आणि खाली तिचे विवेचन अशी मांडणी मिळते आणि गैरहजर राहिलेल्या मुलालाही धडा समजतो. मात्र हा प्रकार निवडण्याआधी सगळ्या नोट्स एकदा वाचून काढाव्यात, कारण तेथे आपण स्वतःसाठी खरडलेल्या गोष्टीही असतात.

वाचणारा फोनवर वाचणार असेल तर स्लाइडचा १६:९ हा आडवा आकार सोयीचा असतो. फोन आडवा धरला की स्लाइड जवळजवळ पूर्ण पडदा व्यापते. छापायची असेल तर हिशेब बदलतो. पॉवरपॉइंट २०१३ पासून नव्या सादरीकरणाची स्लाइड साधारण ३३.९ सेंटिमीटर रुंद आणि १९ सेंटिमीटर उंच असते, तर आडवा ए४ कागद २९.७ बाय २१ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे स्लाइड रुंदीत बसवण्यासाठी थोडी लहान होते आणि वर-खाली प्रत्येकी दोन सेंटिमीटरची कोरी पट्टी राहते. एका पानावर एक स्लाइड छापायची असेल तर यात काही बिघडत नाही. पण कागद वाचवण्यासाठी एका उभ्या पानावर सहा स्लाइड घेतल्या, तर प्रत्येक स्लाइड जेमतेम आठ सेंटिमीटर रुंद उरते आणि पडद्यावर १८ पॉइंटचे असलेले अक्षर कागदावर साधारण ४ पॉइंटचे होते. रोमन लिपीतले एवढे लहान अक्षर डोळे ताणून वाचता येईल. देवनागरीतल्या मात्रा, रफार आणि अनुस्वार मात्र त्या आकारात एकमेकांत मिसळतात. छापील प्रत द्यायची असेल तर एका पानावर दोनच स्लाइड घ्याव्यात.

सादरीकरण सुरू करण्यापूर्वीच ते केवळ छापण्यासाठी आहे हे माहीत असेल, तर ‘डिझाइन’ टॅबमधील ‘स्लाइड साइझ’ मध्ये जाऊन ए४ हा आकार आधीच निवडावा. मजकूर मांडून झाल्यावर आकार बदलला तर चित्रे आणि चौकटी हलतात आणि प्रत्येक स्लाइड पुन्हा हाताने लावावी लागते.

दुसरी पायरी: हालचाल काढा किंवा टप्प्यांत विभागा

पीडीएफमध्ये ॲनिमेशन चालत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. त्याचा परिणाम काय होतो हे मात्र पहिला फटका बसल्यावरच कळते. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडवर असलेली प्रत्येक वस्तू, ती पहिल्या क्लिकला येणारी असो की पाचव्या, पीडीएफमध्ये एकदमच दिसते. क्लिकनंतर नाहीशी होणारी वस्तूसुद्धा दिसते.

आपल्या उदाहरणात एक प्रश्नोत्तराची स्लाइड आहे असे समजा. वर प्रश्न आहे, ‘कृष्णा नदीचा उगम कोठे होतो?’ आणि क्लिक केल्यावर खाली ‘महाबळेश्वर’ हे उत्तर येते. वर्गात ही स्लाइड उत्तम चालते. पीडीएफमध्ये मुलाला प्रश्न आणि उत्तर एकाच वेळी दिसतात, म्हणजे प्रश्न विचारण्यात अर्थच राहत नाही. याहून वाईट अवस्था नकाशाच्या स्लाइडची होते. एकाच नकाशावर आधी गोदावरीचे खोरे, मग ते जाऊन भीमेचे, मग कृष्णेचे असे रंगीत थर एकामागून एक येत असतील, तर पीडीएफमध्ये ते सगळे एकावर एक चढतात आणि सर्वांत वरच्या थराखाली बाकीचे झाकले जातात.

उपाय सोपा आहे, फक्त चिकाटीने करावा लागतो. मूळ फाइलची वेगळ्या नावाने एक प्रत करावी, म्हणजे वर्गात दाखवायची फाइल जशीच्या तशी राहील. मग त्या प्रतीत डाव्या पट्टीतील स्लाइडवर उजवी क्लिक करून ‘डुप्लिकेट स्लाइड’ निवडावे. पहिल्या स्लाइडवरून उत्तर काढून टाकावे, दुसरीवर ते ठेवावे. नकाशाच्या बाबतीत तीन थरांसाठी तीन स्लाइड कराव्यात आणि प्रत्येकीवर एकच थर शिल्लक ठेवावा. पाने वाढली तरी हरकत नाही. वाचणारा बोटाने पान पुढे सरकवतो तेव्हा त्याला क्लिकचाच अनुभव येतो. ॲपलच्या कीनोटमध्ये हे काम बरेचसे आपोआप होते, कारण तेथे पीडीएफ करताना ‘प्रिंट ईच स्टेज ऑफ बिल्ड्स’ हा पर्याय मिळतो आणि तो निवडला की प्रत्येक टप्प्याचे वेगळे पान तयार होते.

चित्रफितीच्या जागी पीडीएफमध्ये एक स्थिर चित्र उरते आणि ध्वनी अजिबात राहत नाही. चित्रफीत महत्त्वाची असेल तर तिच्या खाली तिचा दुवा लिहावा आणि त्यात काय दिसते हे एका वाक्यात सांगावे.

तिसरी पायरी: मराठी अक्षरांची काळजी घ्या

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतल्या सूचना वाचून काम करणाऱ्यांना ही अडचण कोठेच लिहिलेली आढळत नाही आणि मराठी सादरीकरणात सर्वाधिक नुकसान नेमके येथेच होते.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत आहे, की जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, हे आधी तपासावे. त्यासाठी स्लाइडवरील एखादे वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपच्या लिहिण्याच्या जागेत किंवा नोटपॅडमध्ये पेस्ट करावे. ते मराठीतच दिसले तर मजकूर युनिकोड आहे. त्याऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसला तर तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे, म्हणजे आत रोमन अक्षरे आहेत आणि फॉन्टने त्यांना फक्त देवनागरीचे रूप चढवले आहे. अशा सादरीकरणाची पीडीएफ डोळ्यांना अगदी बरोबर दिसते, कारण अक्षरचित्रे फाइलमध्ये भरली जातात. पण तिच्यात ‘गोदावरी’ हा शब्द शोधला तर सापडत नाही, मजकूर कॉपी केला तर गोंधळ मिळतो आणि दृष्टिहीन वाचकाचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो गोंधळच मोठ्याने वाचते. म्हणून जुना मजकूर परिवर्तकाच्या (अशा मजकुराचे युनिकोड करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा, वाचून दुरुस्त करावा आणि मगच पुढे जावे.

युनिकोड असले तरी फॉन्टची निवड उरतेच. विंडोजवर निर्मला यूआय हा फॉन्ट सहसा असतोच. मंगल, कोकिळा, अपराजिता आणि उत्साह हे फॉन्ट विंडोज १० पासून पूरक फॉन्टांच्या गटात गेले आहेत, त्यामुळे भारतीय भाषा जोडलेली नसेल तर ते संगणकावर असतीलच असे नाही. नोटो सान्स देवनागरी, मुक्त किंवा बालू हे विनामूल्य फॉन्ट उतरवून घेता येतात आणि ते पीडीएफमध्ये भरण्यास परवान्याची आडकाठी नाही. काही विकतचे फॉन्ट मात्र फाइलमध्ये भरू देत नाहीत. अशा वेळी पॉवरपॉइंटच्या पर्यायांत ‘बिटमॅप टेक्स्ट व्हेन फॉन्ट्स मे नॉट बी एम्बेडेड’ ही खूण असेल तर तेवढा मजकूर चित्रात बदलला जातो. दिसायला तो ठीक दिसतो, पण शोधता येत नाही.

फॉन्ट ठरवल्यावर मी एक चाचणी स्लाइड करते आणि तिच्यावर मुद्दाम अवघड शब्द लिहिते: सह्याद्रीच्या दऱ्या, किनारपट्टी, वाङ्मय, ॲल्युमिनियम, शृंखला, वैशिष्ट्ये. यातला ‘दऱ्या’ हा शब्द नीट पाहावा. मराठीला अर्ध्या र-चे जे खास रूप लागते, ते काही फॉन्टांत किंवा टंकण्याच्या चुकीमुळे रफार होऊन बसते आणि ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ ऐवजी पानावर ‘सह्याद्रीच्या दर्या’ उमटते, म्हणजे डोंगरातल्या खोल जागेचा समुद्र होतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत त्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. मराठी धाटणीचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर तेही याच स्लाइडवर पाहून घ्यावे. अनेक फॉन्टांत मूळ रूप हिंदी धाटणीचे असते.

चौथी पायरी: प्रत्यक्ष रूपांतर

विंडोजवरील पॉवरपॉइंटमध्ये ‘फाइल’ उघडून ‘एक्स्पोर्ट’ आणि मग ‘क्रिएट पीडीएफ/एक्सपीएस डॉक्युमेंट’ निवडावे. जी खिडकी उघडते तिच्यात फाइलच्या नावाखाली दोन पर्याय असतात. छापण्यासाठी किंवा जपून ठेवण्यासाठी ‘स्टँडर्ड’ घ्यावा. ‘मिनिमम साइझ’ फाइल लहान करतो, पण नकाशावरची बारीक अक्षरे त्यात अस्पष्ट होतात, म्हणून आपल्या उदाहरणासाठी तो टाळावा. ‘पब्लिश’ दाबण्याची घाई करू नये. आधी त्याच खिडकीतील ‘ऑप्शन्स’ हे बटण दाबावे, कारण खरे निर्णय तेथे होतात.

‘ऑप्शन्स’मध्ये सर्वांत वर कोणत्या स्लाइड घ्यायच्या ते ठरवता येते. त्याखाली ‘पब्लिश व्हॉट’ या ठिकाणी स्लाइड, हँडआउट, नोट्स पेजेस किंवा आउटलाइन व्ह्यू यांतून निवड करावी. हँडआउट घेतल्यास एका पानावर किती स्लाइड हेही तेथेच सांगता येते. ‘फ्रेम स्लाइड्स’ ही खूण केली की प्रत्येक स्लाइडभोवती बारीक रेघ येते, पांढऱ्या पार्श्वभूमीच्या स्लाइड छापताना ती उपयोगी पडते. ‘इन्क्लूड हिडन स्लाइड्स’ या खुणेकडे विशेष लक्ष द्यावे. आपण एखादी स्लाइड लपवलेली असेल तर ती पाठवायची आहे की नाही, हे येथे ठरते. टिपण्या (कॉमेंट्स) समाविष्ट करण्याची खूणही तशीच विचारपूर्वक तपासावी. ‘डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज फॉर ॲक्सेसिबिलिटी’ ही खूण मात्र नेहमी असू द्यावी, कारण शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता आणि चित्राचे वर्णन काय हे तिच्यामुळे पीडीएफमध्ये नोंदले जाते आणि दृष्टिहीन वाचकाला ते ऐकता येते. पीडीएफ/ए ही खूण दीर्घकाळ जतन करण्याच्या कागदपत्रांसाठीच्या आयएसओ १९००५ या मानकाची आहे; संस्थेने तशी मागणी केली असेल तरच ती करावी.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. बरेच जण ‘प्रिंट’मध्ये जाऊन प्रिंटरच्या यादीतून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडतात. फाइल तयार होते, पण तिच्यातले दुवे निर्जीव होतात आणि टॅगही राहत नाहीत, कारण संगणकाच्या दृष्टीने ते कागदावर छापणेच असते. दुवे हवे असतील तर ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘सेव्ह ॲज’ हाच मार्ग घ्यावा.

गूगल स्लाइड्समध्ये ‘फाइल’, ‘डाउनलोड’, ‘पीडीएफ डॉक्युमेंट’ एवढेच करावे लागते. नोट्ससह पाने हवी असतील किंवा वगळलेल्या स्लाइड घ्यायच्या की नाही हे ठरवायचे असेल, तर ‘फाइल’मधील प्रिंट प्रिव्ह्यू उघडून वरच्या पट्टीत निवड करावी आणि तेथूनच पीडीएफ उतरवावी. फोनवरच्या गूगल स्लाइड्समध्ये तीन ठिपक्यांच्या यादीत ‘शेअर अँड एक्स्पोर्ट’ आणि मग ‘सेव्ह ॲज’ मिळते.

विनामूल्य असलेल्या लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट ॲज’, ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ असा मार्ग आहे. त्याच्या खिडकीत चित्रांची गुणवत्ता टक्क्यांत आणि रिझोल्यूशन आकड्यांत ठरवता येते, शिवाय ‘सिक्युरिटी’ या टॅबमध्ये फाइल उघडण्यासाठी पासवर्डही लावता येतो. फक्त पॉवरपॉइंटमध्ये केलेली फाइल इम्प्रेसमध्ये उघडल्यावर ओळी कोठे तुटतात हे आधी पाहून घ्यावे, कारण फॉन्ट बदलला तर चौकटीतला मजकूर बाहेर ओसंडतो.

इंटरनेटवर फाइल चढवून पीडीएफ करून देणारी अनेक संकेतस्थळे आहेत. ज्या सादरीकरणात मुलांची नावे, गुण, छायाचित्रे किंवा आधार क्रमांक असतील, ते अशा ठिकाणी चढवू नये. वर सांगितलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीच असताना त्याची गरजही नाही.

पाचवी पायरी: चित्रे हलकी करा, झाकलेले खरोखर काढून टाका

फाइल जड होण्याचे कारण बहुतेक वेळा चित्रे असतात. फोनने काढलेले छायाचित्र ४००० बिंदू रुंद असते, पण अर्ध्या स्लाइडवर, म्हणजे सुमारे ६.७ इंचांत, ते दाखवायचे असेल तर इंचाला १५० या हिशेबाने १००० बिंदू पुरतात. पॉवरपॉइंटमध्ये कोणतेही एक चित्र निवडून ‘पिक्चर फॉरमॅट’ टॅबमधील ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ उघडावे, ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’ची खूण काढावी आणि १५० हा पर्याय घ्यावा. नकाशे असलेल्या प्रतीसाठी २२० घेणे चांगले. हे नेहमी प्रतीवर करावे, मूळ फाइलवर नाही, कारण गेलेली स्पष्टता परत येत नाही.

त्याच खिडकीत ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स’ अशी खूण असते आणि ती असू द्यावी. चित्र कातरले म्हणजे त्याचा उरलेला भाग नाहीसा होतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो फाइलमध्ये तसाच असतो आणि कोणीही कातरणे मागे घेऊन तो पाहू शकतो. उपस्थितीपत्रकाच्या छायाचित्रातून एकच रकाना दाखवला असेल, तर बाकीची नावेही आपण नकळत वाटत असतो.

असाच दुसरा धोका काळ्या चौकटीचा. एखादा दूरध्वनी क्रमांक लपवण्यासाठी त्यावर काळा आयत ओढला, तर पीडीएफमध्ये क्रमांक दिसत नाही, पण तो आयताखाली मजकूर म्हणून शिल्लक असतो. त्या जागेवरून निवड करून कॉपी केले की तो बाहेर येतो. जे दाखवायचे नाही ते झाकू नये, पुसून टाकावे. ‘फाइल’मधील ‘इन्फो’ येथे ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ ही सोय आहे. प्रतीवर ती चालवली की लेखकाचे नाव, टिपण्या आणि नोट्स यांपैकी काय काय शिल्लक आहे ते कळते आणि नको ते काढता येते.

सहावी पायरी: पाठवण्याआधी उघडून पाहा

तयार झालेली पीडीएफ आधी स्वतःच्या फोनवर पाठवून तेथे उघडावी. ज्या संगणकावर ती केली तेथे सगळे फॉन्ट असतातच, म्हणून तेथे पाहून समाधान मानू नये. पाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवत न्यावीत. नमुन्यादाखल दोन-चार पाने पाहणे पुरेसे नाही. कोठे चौकटीबाहेर गेलेली ओळ आहे, कोठे आकृतीवर मजकूर चढला आहे, कोठे पिवळ्या अक्षरांवर ऊन पडल्यावर काही दिसत नाही, हे फोनच्या लहान पडद्यावर लगेच जाणवते. प्रत्येक दुव्यावर एकदा बोट ठेवून तो उघडतो का ते पाहावे.

संगणकावर ॲडोबी रीडरमध्ये ‘फाइल’, ‘प्रॉपर्टीज’, ‘फॉन्ट्स’ उघडले की वापरलेल्या फॉन्टांची यादी दिसते. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असे लिहिलेले असावे. सबसेट म्हणजे पूर्ण फॉन्टऐवजी फक्त वापरलेली अक्षरे भरली आहेत, आणि वाचण्यासाठी तेवढी पुरतात. एखाद्या नावापुढे हा शब्द नसेल तर तो फॉन्ट बदलून पीडीएफ पुन्हा करावी.

शेवटची चाचणी मराठीसाठी खास आहे. पीडीएफमधून ‘किनारपट्टी’ हा शब्द निवडून कॉपी करावा आणि व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करावा. पुष्कळदा तो ‘िकनारपट्टी’ असा येतो. पहिल्या वेलांटीची जागा चुकलेली असते, कारण पीडीएफ मुळात अक्षरांची चित्रे पानावर दिसतात त्या क्रमाने मांडते आणि पहिली वेलांटी पानावर व्यंजनाच्या आधी काढली जाते, जरी आपण ती उच्चारात व टंकण्यात नंतर घेत असलो. जोडाक्षरे आणि रफार यांचीही अशीच गत होते. डोळ्यांनी वाचणाऱ्याला यात काही अडत नाही, पण शोध घेणाऱ्याला आणि ऐकून वाचणाऱ्याला फार अडते. अशा वेळी ॲक्सेसिबिलिटी टॅगची खूण केली होती का ते तपासावे, दुसरा युनिकोड फॉन्ट लावून पाहावा किंवा तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ करून पाहावी. तिन्हींपैकी एकाने तरी फरक पडतो असा माझा अनुभव आहे. तरीही जमले नाही आणि मजकूर इतरांना वापरू द्यायचा असेल, तर पीडीएफसोबत साध्या मजकुराची एक फाइल जोडावी.

पाठवताना

फाइलच्या नावात विषय, इयत्ता आणि दिनांक असावा. व्हॉट्सॲपवर देवनागरी नाव चालते; एखाद्या शासकीय किंवा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवायची असेल तर नाव रोमन अक्षरांत, जागा न सोडता ठेवावे, कारण अनेक ठिकाणी देवनागरी नावाची फाइल स्वीकारली जात नाही. जीमेलला एका पत्रासोबत २५ मेगाबाइटपर्यंतची जोडणी जाते, त्याहून मोठी फाइल ड्राइव्हच्या दुव्याने जाते आणि तो दुवा उघडण्याची परवानगी सर्वांना दिली आहे का हे आपणच पाहावे लागते. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच जोडावी. स्लाइडची छायाचित्रे काढून एकेक पाठवली तर ती आक्रसतात, क्रम बिघडतो आणि शोधणे अशक्य होते.

पाठवल्यावर चूक आढळली तर दुरुस्ती नेहमी सादरीकरणाच्या प्रतीत करावी आणि पीडीएफ नव्याने बनवावी. पीडीएफमध्येच अक्षर बदलण्याची साधने देवनागरीत बहुधा जोडाक्षरे मोडतात. नव्या फाइलच्या नावात ‘सुधारित’ हा शब्द आणि नवा दिनांक घालावा, गटावरची जुनी फाइल काढता येत असेल तर काढावी आणि कोणत्या पानावर काय बदलले ते एका ओळीत लिहावे, म्हणजे ज्यांनी जुनी प्रत छापून घेतली आहे त्यांना फक्त तेवढेच पान बदलता येईल.